'किती गोड!' याच्या पुढे कसं जायचं?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका मुलीने चित्रकलेची पदवी घेतली आहे. ती कापडी बाहुल्या करते आणि लहान मुलांच्या गोष्टींसाठी चित्रंही काढते. इन्स्टाग्रामवर लोक 'किती गोड' म्हणतात, नातेवाईक 'काय सुंदर बनवून राहिली पोट्टी!' म्हणून एखादी फुकटात घेऊन जातात, पण काम म्हणून कोणी विचारत नाही. ती विचारते, "ताई, बाहुल्यांचं आणि चित्रांचं अकाउंट वेगळं करू का? मुंबई-पुण्याला न जाता हे जमेल का? किंमत काय सांगू? स्टॉल घेऊ का? आणि वर्कशॉप?"

मी दोन्ही कामं करते आणि नागपुरातच राहून करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अकाउंट एकच ठेव. बाहुली करणाऱ्याची चित्रं आणि चित्रकाराची बाहुली, दोन्ही शेजारी शेजारी दिसली की बघणाऱ्याला तुझं जग कळतं. पुस्तकाच्या संपादकाला दिसतं की या मुलीला एकच पात्र पुढून, मागून, बाजूने तसंच्या तसं उभं करता येतं. बाहुली घेणाऱ्याला दिसतं की या बाहुलीला नाव आहे, गाव आहे, गोष्ट आहे. दोन अकाउंटं काढलीस तर दोन्हीकडे निम्मीच माणसं येतील आणि तू मात्र दुप्पट थकशील.

पण एकच अकाउंट ठेवायचं तर वरची ओळ नेमकी हवी. 'आर्टिस्ट, डॉलमेकर, ड्रीमर' असं लिहिलेली शेकडो पानं आहेत आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही. 'विदर्भातली माणसं आणि सण कापडात शिवते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, नागपूर' असं काहीतरी लिही. त्याखाली व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर आणि ऑर्डर कशाच्या घेतेस ते. कशाच्या घेत नाहीस तेही ठरवून टाक. कार्टूनमधल्या प्रसिद्ध पात्रांच्या बाहुल्यांची मागणी हमखास येईल. ती पात्रं दुसऱ्याच्या मालकीची असतात. शिवाय असल्या बाहुल्या विकून त्या पात्राचंच नाव होतं, तुझं काहीच होत नाही.

आता मुद्द्याचं. नवखी मंडळी प्रसिद्धी म्हणजे जास्तीत जास्त लोकांना दिसणं असं धरून चालतात आणि रील्सच्या मागे लागतात. माझ्या मते सुरुवातीला तुझं काम तीस-चाळीस माणसांनाच दिसायला हवं, पण ती नेमकी हवीत. बालमासिकांचे संपादक, चित्रपुस्तकं काढणारे प्रकाशक, हस्तकलेच्या वस्तू ठेवणारे दुकानदार, शाळांतल्या ग्रंथपाल, बालनाट्यवाले, दोन-चार संग्राहक. त्यांची नावं वहीत लिही. या माणसांना रोज शंभर गोष्टींकडे बघावं लागतं. तुला काम देणं त्यांना जितकं सोपं करशील तितकं ते मिळेल. फोटो, मेल, किंमत, कागदपत्रं, सगळं याच एका कसोटीवर तपासून बघ.

फोटोपासून सुरू करू, कारण बाहुलीच्या बाबतीत निम्मं काम तिथेच बिघडतं. बाहुली टेबलावर ठेवून उभ्यानेच वरून फोटो काढला की डोकं मोठं, पाय आखूड आणि चेहरा खाली झुकलेला दिसतो. फोन तिच्या डोळ्यांच्या पातळीला आण, त्यासाठी जमिनीवर पालथं पडावं लागलं तरी चालेल. फोनचा पोर्ट्रेट मोड बंद कर. लोकरीच्या केसांच्या कडा त्याला कळत नाहीत, तो अर्धी वेणीच पुसून टाकतो. ट्यूबलाइटखाली कोऱ्या मांजरपाटाचा रंग आजारी दिसतो, म्हणून खिडकीजवळ जा. आपल्याकडे उन्हाळ्यात नऊच्या पुढे ऊन इतकं कडक होतं की नाकाची सावली ओठांवर पडते. सकाळी लवकर, उन्हाची तिरीप थेट येत नसलेल्या खिडकीत, एका बाजूला पांढरा ड्रॉइंग पेपर उभा करून बघ. प्रत्येक बाहुलीचे पाच फोटो पुरेत: पूर्ण उभी, चेहऱ्याचा जवळून, पाठीमागून, हाताची बोटं किंवा नऊवारीचा काष्टा असा एखादा कारागिरीचा तपशील, आणि एक हातात धरलेली, म्हणजे आकार कळतो. पाठीमागचा फोटो बहुतेक जण टाळतात. पण जाणकार तोच आधी मागतो, कारण टाके तिथे दिसतात.

चित्रांच्या बाबतीत वेगळी गोष्ट बघतात. सुटी सुंदर चित्रं सगळ्यांकडेच असतात. संपादकाला हवं असतं की पान चारवरची मुलगी पान बारावरही तीच मुलगी वाटावी, धावताना, रडताना, आजीच्या मांडीवर झोपल्यावरही. म्हणून पोर्टफोलिओत बारा-पंधरापेक्षा जास्त चित्रं नकोत, पण त्यातली निदान तीन-चार एकाच गोष्टीची सलग पानं असू देत. मजकुरासाठी जागा सोडलेली असू दे, कारण ती न सोडणारा चित्रकार म्हणजे मांडणी करणाऱ्याला डोकेदुखी. इथे तुझी बाहुलीच तुझी मॉडेल आहे. तिला खुर्चीवर बसव, दिवा डावीकडून टाक आणि काढ. हा फायदा नुसत्या चित्रकाराकडे नसतो आणि तो दाखवण्यात संकोच करू नकोस. बाहुली आणि तिच्यावरून काढलेलं पान असे दोन फोटो शेजारी ठेव.

मेल लहान लिही. विषयात 'चित्रकार, नागपूर: बालसाहित्यासाठी कामाचे नमुने' एवढं पुरे. आत चार-पाच ओळी: मी कोण, तुमचं कोणतं प्रकाशन मी नीट पाहिलं आहे, माझं काम त्यात कुठे बसेल, किती दिवसांत देऊ शकते. सोबत तीन चित्रं मेलमध्येच दिसतील अशी आणि पाच एमबीच्या आतली एक पीडीएफ. ड्राइव्हची लिंक पाठवून वर ॲक्सेस मागायला लावलंस तर समोरचा तिथेच थांबतो. उत्तर आलं नाही तर महिना-दीड महिन्याने नवीन चित्र घेऊन पुन्हा लिही. नुसतं 'माझा मेल मिळाला का?' असं विचारण्यापेक्षा ते बरं.

कोणाला लिहायचं? मराठीत बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून चालू आहे. पुण्यात ज्योत्स्ना प्रकाशन चित्रपुस्तकं काढतं. प्रथम बुक्स आणि चेन्नईची तुलिका यांची पुस्तकं मराठीसकट अनेक भाषांत निघतात. नॅशनल बुक ट्रस्ट आहेच. आणि नागपूरकर नेमकं विसरतात ते भोपाळ. तिथल्या 'एकलव्य' संस्थेचं 'चकमक' हे मुलांचं हिंदी मासिक 1985 मध्ये सुरू झालं आणि चित्रांना त्यात मानाची जागा असते. भोपाळ आपल्याला पुण्याच्या निम्म्या अंतरावर आहे आणि हिंदीचं आपल्याला वावडं नाही. 1956 पर्यंत तर आपण मध्य प्रदेशाचीच राजधानी होतो. मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय जमतं का, या तुझ्या प्रश्नाला माझं हेच उत्तर आहे: चित्रं मेलने जातात आणि नागपूरहून गाड्या चारही दिशांना सुटतात. शिवाय इथल्या घरभाड्यात तुला पुण्यात घर मिळायचं नाही.

प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर चित्रं टाकण्याचा सल्ला तुला मिळेलच. सरावासाठी आणि ओळखीसाठी चांगली जागा आहे. फक्त तिथला परवाना खुला असतो हे समजून टाक. तुझं नाव देऊन कोणीही ती चित्रं वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा. जे पात्र घेऊन तुला पुढे बाहुल्या विकायच्या आहेत ते तिथे ठेवू नकोस.

दिवाळी अंकांचं काम हवं असेल तर संपादकांना पाऊस लागायच्या सुमाराला गाठ. गणपती उठल्यावर फोन करणाऱ्याला 'पुढच्या वर्षी बघू' एवढंच ऐकायला मिळतं.

बाहुल्यांचंही वेळापत्रक असतं, आणि इथे नागपूरसारखं गाव शोधून सापडायचं नाही. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लेकरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात, आणि ही प्रथा भोसल्यांच्या काळापासूनची. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे. बांबू, कागद, कापड यांचे ते अवाढव्य पुतळे म्हणजे बाहुलीकामच आहे, फक्त त्याला आपण तसं म्हणत नाही. मग भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती, संध्याकाळची गाणी, खिरापत ओळखायचा खेळ. नवरात्रात शहरातली दक्षिण भारतीय कुटुंबं कोलू मांडतात, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांचा दरबार. उन्हाळ्यात मुलांची बाहुला-बाहुलीची लग्नं. आणि महाल भागातली चितार ओळ तर मूर्तिकारांचीच गल्ली. चेहऱ्यावर डोळे कसे उघडतात ते तिथे गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात फुकट बघायला मिळतं, कॉलेजात शिकवत नाहीत.

यातला एक सण निवड आणि त्यावर एक वस्तू कर, जिच्यात तुझी दोन्ही कामं असतील. मी तुझ्या जागी असते तर भुलाबाई घेतली असती: वीतभर उंचीची कापडी भुलाबाई-भुलोजीची जोडी, सोबत पारंपरिक गाण्यांची सोळा पानी सचित्र पुस्तिका, एका खोक्यात. गाणी लोकांची आहेत, त्यावर कोणाचा हक्क नाही. चित्रं तुझी. पुण्या-बंगळुरात, अमेरिकेत गेलेल्या वैदर्भीय बायकांना ती मुलींना दाखवायला हवी असते आणि बाजारात तशी वस्तू सहज सापडत नाही. पण ती विकायची भाद्रपदात, म्हणजे नमुना वैशाखात तयार हवा, फोटो ज्येष्ठात, ऑर्डर घ्यायला सुरुवात आषाढात. सणाच्या आठवड्यात टाकलेल्या पोस्टला लाइक भरपूर मिळतात आणि ऑर्डर एकही येत नाही, कारण तोवर पार्सल पोहोचण्याची वेळ टळलेली असते.

स्टॉलचं थोडक्यात. राखी आणि दिवाळीच्या आधी धरमपेठ, रामदासपेठ भागात हॉलमध्ये दोन-तीन दिवसांची सेल-प्रदर्शनं भरतात. कुर्ते आणि इमिटेशनच्या दागिन्यांच्या मधोमध बाहुली ठेवलीस तर गिऱ्हाईक तिची किंमत कुर्त्याशी ताडून बघतं. आधी एकदा नुसतं फिरून ये, लोक पिशव्यांत काय घेऊन निघतात ते बघ, मग ठरव. त्यापेक्षा सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा मला जवळचा वाटतो. तिथे माणसं हस्तकला बघायलाच येतात. अर्ज कधी मागवतात ते केंद्रात जाऊन विचार. स्टॉलवर बसून सुई चालू ठेव. रिकाम्या हाताने फोन बघत बसलेल्या मुलीपाशी कोणी थांबत नाही, बाहुलीचा डोळा शिवणाऱ्या मुलीपाशी घोळका होतो. आणि नंबर लिहून घ्यायला वही ठेव. स्टॉलची खरी कमाई ती वही असते.

किंमत. सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून आकड्यांत सांगते. समज, एका बाहुलीला कापड, भरण्याचा फायबर, लोकर, धागा मिळून 260 रुपये लागले. गांधीबागेच्या कापडबाजारातून चिंध्या-कटपीस आणलेस तरी त्याची किंमत धर. नऊ तास लागले, तासाला 150 प्रमाणे 1350. खोकं आणि पॅकिंग 90. झाले 1700. हा तुझा खर्च, विक्रीची किंमत अजून पुढेच आहे. दुकानदाराने 35 टक्के कमिशन घेतलं तर हातात 1700 यायला बाहुली 2600च्या आसपास विकायला हवी. मग ती सगळीकडे 2600लाच विक, इन्स्टाग्रामवरही. तू दुकानापेक्षा स्वस्तात देतेस हे कळलं की दुकानदार पुन्हा माल घेत नाही आणि गिऱ्हाइकाचाही विश्वास उडतो. थेट विक्रीत जो जास्तीचा पैसा सुटतो तो जाहिरातीचा आणि पडून राहणाऱ्या मालाचा. 2600 ऐकून आईला धक्का बसेल. बसू दे. नऊ तासांच्या बाहुलीसोबत दोन तासांत होणारी छोटी वस्तू ठेव, कापडी ब्रोच, छापील पोस्टकार्डं, म्हणजे आवडलं पण परवडलं नाही असं माणूस रिकाम्या हाताने जात नाही.

पार्सलचंही आधी मोज. बऱ्याच कुरिअर कंपन्या आकारमानावर वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000ने भाग. 35 बाय 20 बाय 15चं खोकं म्हणजे 2.1 किलो, आत बाहुली 300 ग्रॅमची असली तरी. आणि मे महिन्यात आपल्याकडच्या गाडीत बंद खोक्यात ग्लू गनचा गोंद सुटतो. चपला, नथ, दागिने शिवूनच टाक.

आता कागदपत्रं. कंटाळा येईल, पण वाच.

पहिलं, खेळणी. 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी केलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे. म्हणून त्यांचं कारागीर ओळखपत्र, ज्याला पहचान कार्ड म्हणतात, ते काढण्याच्या मागे आत्तापासून लाग. ते होईपर्यंत बाहुल्या मोठ्यांसाठी, शोभेच्या आणि संग्रहाच्या म्हणूनच कर आणि तशाच विक. चिठ्ठीवर 'शोभेची वस्तू' लिहायचं आणि फोटोत मात्र दोन वर्षांचं बाळ तिला चावताना दाखवायचं, असा दुटप्पीपणा नको. मणी, बटणांचे डोळे आणि तारेचा सांगाडा लहान मुलाच्या हाती द्यायची वस्तूच नव्हे, कायदा काहीही म्हणो.

दुसरं, नोंदणी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नकोस. पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत पारंपरिक बाहुली आणि खेळणी करणारे आहेत. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने कर्ज मिळतं. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर नाही. जीएसटीचं लोक सांगतात, '40 लाखांपर्यंत काही नाही.' ती मर्यादा फक्त वस्तू विकणाऱ्यांची. तू चित्रांचं काम करतेस म्हणजे सेवाही देतेस, तेव्हा तुझी मर्यादा एकूण उलाढालीवर 20 लाख. तिथवर पोहोचायला वेळ आहे, पण बिलं पहिल्या दिवसापासून क्रमांक घालून ठेव. प्रकाशकाच्या हिशेबनिसाला पॅन नंबर असलेलं नीट बिल मिळालं की पैसे लवकर सुटतात.

तिसरं, हक्क. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार कोणी पैसे देऊन तुझ्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळं काही ठरवलं नाही, तर त्याचा पहिला हक्क करून घेणाऱ्याचा होतो. बहुतेक चित्रकारांना हे ठाऊकच नसतं. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी मेलवर आणि मग सहीच्या करारात लिहून घे: हक्क माझ्याकडे, तुम्हाला अमुक पुस्तकात, अमुक भाषांत, इतक्या वर्षांसाठी वापरायची परवानगी. हक्क लिहून द्यायचेच झाले तर मुदत आणि प्रदेश नमूद कर. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पुस्तकातल्या पात्राच्या बाहुल्या करून विकण्याचा हक्क वेगळ्या ओळीत तुझ्याकडे ठेव. सुरुवातीला तुला ती ओळ प्रकाशकाला फुकटात देऊन टाकावीशी वाटेल, पण तुझ्यासाठी तीच सगळ्यात महाग आहे.

'आत्ता पैसे नाहीत, पण तुझं नाव होईल' असं सांगणारे भेटतील. अशा कामाला कधीच हो म्हणू नकोस असं मी सांगणार नाही. एखाद्या शाळेच्या वाचनालयाच्या भिंतीसाठी किंवा चांगल्या बालनाट्याच्या बाहुल्यांसाठी मी आजही करते. फक्त त्यावर नेहमीच्या दराचं बिल बनवून खाली 'सवलत 100 टक्के' लिहून द्यायचं. समोरच्याला कामाची किंमत कळते आणि पुढच्या वेळी 'मागच्यासारखं फुकट' असं होत नाही. मावशी-काकूंनाही हाच उपाय: वर्षाला दोन बाहुल्या भेट म्हणून ठरवून ठेव. त्या संपल्या की, "काकू, आता रांग लागून राहिली, तुमचा नंबर दिवाळीनंतर. किंमत पाठवू का?" निम्म्या जणी खरंच घेतात.

वर्कशॉपबद्दल मी थोडी साशंक आहे. पैसा लवकर येतो हे खरं, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा सुरू केलं की गावभर तू 'बाहुलीच्या क्लासवाली' होतेस आणि क्लासचीच चौकशी येत राहते. घ्यायचंच असेल तर वर्षातून एक, मोठ्यांसाठी, महाग आणि मोजक्या जागांचं घे. ते एप्रिलमध्ये ठेव, कारण वैशाख लागला की तुला भुलाबाईच्या नमुन्यावर बसायचंय.